दारूकामाचा जमाखर्च

चैत्र लागला की लोणंदच्या बाजारपेठेत, दुकानांच्या शटरवर आणि एसटी स्टँडच्या खांबांवर यात्रांची हँडबिले दिसू लागतात. खंडाळा, फलटण, कोरेगाव, वाई अशा चारी बाजूंच्या गावांची. मजकूर ठरलेला. पहाटे अभिषेक, सकाळी दंडवत, दुपारी निकाली कुस्त्यांचा जंगी फड, रात्री छबिना, छबिन्यासोबत शोभेचे दारूकाम आणि मग लोकनाट्य तमाशा. हँडबिल नीट वाचले तर एक गंमत लक्षात येते. कुस्तीपुढे इनाम छापलेले असते. पहिल्या नंबरची कुस्ती किती हजारांची आणि ती कोणाच्या स्मरणार्थ, हेही. तमाशापुढे फडाचे नाव असते, आणि नावावरून सुपारी किती झाली असेल याचा अंदाज पारावर बसलेला कोणीही सांगतो. बैलगाडा शर्यत असेल तर बक्षिसांची अख्खी उतरंड. दारूकामापुढे मात्र काहीच नसते. आकडा नाही, कारागिराचे नाव नाही. फार तर 'भव्य' एवढे विशेषण.

यात्रा पार पडली की आठ-पंधरा दिवसांत देवळात जमाखर्च वाचला जातो. वर्गणी किती जमली, मांडव किती, जनरेटर किती, तमाशाचे किती. दारूकामाची एक ओळ असते आणि तिच्यावर सहसा वाद होत नाही. मांडववाल्याच्या बिलावर अर्धा तास घासाघीस करणारे गाव आभाळात गेलेल्या पैशाला हात लावत नाही. मांडवाचे खांब मोजता येतात. दारूकामाचे मोजायला दुसऱ्या दिवशी काही उरलेलेच नसते.

आतषबाजीला नेमका किती खर्च येतो, हा गावात न विचारला जाणारा प्रश्न मोठ्या थीम पार्कांच्या बाबतीत मात्र विचारला जातो. तिकीट काढून आत गेलेल्या माणसाला आपल्या पैशातून किती धूर निघाला हे जाणून घ्यायचे असते. लोणंदला बसून या प्रश्नाकडे पाहायची एक सोय आहे. पुणे-मिरज लोहमार्गावरचे हे कांद्याच्या बाजाराचे गाव. इथून उत्तरेला दीड-पावणेदोनशे किलोमीटरच्या टप्प्यात खोपोलीजवळचे इमॅजिका, महाराष्ट्रातले सर्वांत महागडे थीम पार्क. दक्षिणेला जवळपास तेवढ्याच टप्प्यात, सांगली-तासगाव रस्त्यावर, कवठे एकंद. दसऱ्याच्या रात्री हे गाव जी आतषबाजी करते तिला तिकीट नाही, फाटक नाही, ठेकेदार नाही. गंमत अशी की दारू उडते ती दक्षिणेला.

इमॅजिकाची गोष्ट आधी उरकून टाकू, कारण आतषबाजीपुरती ती छोटी आहे. २०१३ साली खालापूर तालुक्यात ते सुरू झाले, दीड हजार कोटी रुपयांहून अधिक भांडवल ओतून. कर्जाचा बोजा वाढत गेला आणि २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने ते ताब्यात घेतले. त्याच्याही आधी, १९८९ मध्ये, गोराईला एस्सेलवर्ल्ड आले होते. आमच्या भागातल्या शाळांच्या सहलींनी ही ठिकाणे पाहिली आहेत, पण ती पाहिली आहेत दिवसा. पहाटे निघालेल्या गाड्या अंधार पडायच्या सुमारास परतीच्या रस्त्याला लागलेल्या असतात. आपल्याकडच्या पार्कांची ओळख पाळणे, पाणी, मिरवणुका यांची आहे. रोज रात्री आभाळ पेटवायचे तर ते पाहायला मुक्कामी गिऱ्हाईक लागते. मुक्काम म्हणजे हॉटेल, हॉटेल म्हणजे खोलीभाडे. अमेरिकेतल्या पार्कांतली आतषबाजी ही त्या अर्थाने रात्रीच्या जेवणाची आणि खोलीची जाहिरात असते. माणूस संध्याकाळी पाचला घरी जाऊ नये म्हणून तिचा घाट.

कॅलिफोर्नियातले डिस्नीलँड १९५५ च्या जुलैत उघडले आणि पुढच्याच वर्षी तिथे उन्हाळ्यातली आतषबाजी सुरू झाली. सुरुवातीला माणसे हाताने बत्ती देत. १९६१ मध्ये त्यात एक परी आली. टिंकर बेलच्या वेशातली बाई उंच कृत्रिम डोंगरावरून तारेला लटकून राजवाड्याच्या दिशेने झेपावे. ती पहिली परी म्हणजे टायनी क्लाईन ही सर्कशीतली कलावती, आणि तेव्हा तिचे वय सत्तरीला टेकले होते. या साऱ्या झगमगाटाच्या इतिहासात मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच.

नंतर बत्तीची जागा वीजतारेने घेतली, तारेची संगणकाने. संगीताच्या तालावर सेकंदाच्या हिश्शात औट, म्हणजे आभाळात जाऊन फुटणारे गोळे, फुटू लागले. धूर फार होतो म्हणून शेजारपाजारचे लोक कुरकुरू लागले, तेव्हा २००४ मध्ये डिस्नीने दारूऐवजी दाबलेल्या हवेने औट वर फेकण्याचे तंत्र आणले. कंपनी वर्षाला किती खर्च करते हे ती सांगत नाही. अमेरिकी लष्कराच्या खालोखाल स्फोटक पदार्थ विकत घेणारे गिऱ्हाईक डिस्नीच आहे, असे सांगण्याची एक रीत मात्र पडून गेली आहे. कंपनीने ते कधी खोडून काढल्याचे दिसत नाही, आणि का खोडावे? जाहिरात फुकट होते.

आकडा झाकलेला असला तरी खर्चाची दिशा झाकता येत नाही, ती आभाळातच दिसते. फ्लोरिडातल्या एपकॉट पार्कमध्ये तळ्याभोवती होणारा एक शो १९९९ पासून २०१९ पर्यंत, वीस वर्षे चालला. त्याच्या जागी २०२१ च्या ऑक्टोबरात नवा आला. तळ्यात अवाढव्य तराफे, त्यांवर पडदे, कारंजी, प्रकाशझोत. भांडवल प्रचंड. पण ते तराफे दिवसाही तळ्यातच उभे राहत. तळ्याची शोभा गेली म्हणून लोक वैतागले. दीड वर्षात, २०२३ च्या एप्रिलमध्ये, तो शो बंद झाला, तराफे काढून टाकले गेले आणि वर्षअखेरीस तिसरा शो आला. त्याच काळात शेजारच्या पार्कातला राजवाड्यासमोरचा जुना शो लोकाग्रहास्तव परत आणावा लागला.

या धरसोडीमागे एक साधा हिशेब आहे. दारू रोज जळते, प्रोजेक्टर रोज जळत नाही. एकदा राजवाड्याच्या भिंतीवर चित्रे नाचवणारी यंत्रणा उभी केली की पुढच्या हजार रात्री वीजबिलावर निघतात. दारूचे तसे नाही. कालच्या औटाचा आजच्या औटाला काही उपयोग नसतो. म्हणून गेल्या पंधरा वर्षांत जगभरच्या पार्कांत भिंतीवरची चित्रे वाढली, लेझर वाढले, कारंजी वाढली. मग ड्रोन आले. पॅरिसच्या डिस्नीलँडने २०२३ आणि २०२४ मध्ये ड्रोनचे शो मांडले. आपल्याकडे २०२२ च्या जानेवारीत दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमध्ये हजार ड्रोन उडाले; ते उडवणारी बॉटलॅब ही कंपनी आयआयटी दिल्लीतून निघालेली. ड्रोन चार्जिंगला लावून परत वापरता येतो. औट चार्जिंगला लावता येत नाही.

दुसऱ्या टोकाला निव्वळ आकड्यांची हौस आहे. दुबईने २०१४ च्या स्वागताला सहा मिनिटांत ४,७९,६५१ फटाके उडवून गिनीज बुकात नाव लिहिले. सेकंदाला तेराशेच्या वर. माणसाच्या डोळ्याला एका सेकंदात तेराशे गोष्टी दिसत नाहीत, त्यामुळे यांतले बहुतेक फटाके बुकासाठीच उडाले असणार.

आता खर्चाचा तो भाग, जो पार्कातही कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. आकाशात फुटणाऱ्या औटाची उंची त्याच्या जाडीवर ठरते. ठोकताळा असा की व्यासाच्या दर इंचामागे सुमारे शंभर फूट. सहा इंची औट म्हणजे सहाशे फूट वर. आणि अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संहितेचा नियम असा की प्रेक्षक दर इंचामागे किमान सत्तर फूट लांब हवेत. सहा इंची औटाला ४२० फूट. म्हणजे नळ रोवलेल्या जागेभोवती ४२० फूट त्रिज्येचे मोकळे वर्तुळ. एकर लावून पाहिले तर ते बारा-तेरा एकर भरते. एवढी जमीन रिकामी ठेवायची, तिच्यावर दुकान नाही, पाळणा नाही, माणूस नाही. त्यावर परवानाधारक माणसे, अग्निशमन दल, वाऱ्याचा वेग पाहणारा, आणि वारा जोराचा असेल तर तिकिटे विकली गेलेली असतानाही शो रद्द करायची तयारी. पार्क जो पैसा खर्च करते तो नुसत्या दारूवर नाही, दारू आणि माणूस यांच्यामधल्या अंतरावरही जातो. तळ्याच्या मधोमध तराफे का, राजवाड्याच्या मागच्या बाजूने औट का, याचे उत्तर शोभेत नाही, या फुटांत आहे.

आमच्याकडे हा अंतराचा सौदा फार जुना आहे, आणि तो मोठ्या माणसांना बरोबर कळला होता. भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातल्या आतषबाजीचा इतिहास जुन्या कागदांतून आणि पोथ्यांतून खणून काढला. त्यात पेशव्यांच्या बखरीतला एक प्रसंग येतो. महादजी शिंदे उत्तरेहून पुण्याला आले, तेव्हा त्यांनी सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचे वर्णन ऐकवले. तिथला राजा शहराबाहेर दारूची लंका उभारतो. मध्ये रावण, भोवती राक्षस, वानर, दारूचाच मोठा हनुमान. हनुमानाच्या शेपटीला बत्ती दिली की तो उडतो आणि लंकेची घरे पेटवत सुटतो. तरुण पेशव्याला मोह पडला. असेच पुण्यात करा, असा हुकूम झाला. पंधरा दिवसांत पर्वतीच्या पायथ्याला लंका उभी राहिली. अंधाऱ्या रात्री पेशवे आणि सरदार पर्वतीवर बसले, पुणेकर भोवती जमले आणि लंका जळाली. महादजी १७९२ च्या उन्हाळ्यात पुण्यात आले आणि १७९४ च्या फेब्रुवारीत वानवडीला वारले, तेव्हा हे त्या दरम्यानचे.

जागेची निवड पाहा. शनिवारवाड्याचे पटांगण नाही, पेठांतला चौक नाही. गावाबाहेरचे मैदान, आणि मालक मंडळी टेकडीवर. संकल्पना, कथानक, ठरलेले पात्र, उडणारा नायक, शहराबाहेरची जागा, खास लोकांना वेगळे आसन. टिंकर बेल तारेवरून झेपावली त्याच्या जवळपास पावणेदोनशे वर्षे आधी हनुमान पर्वतीच्या पायथ्याला उडून गेला होता. खर्च दौलतीचा. हिशेब विचारायची प्राज्ञा कोणाची?

सवाई माधवरावांच्या लग्नाच्या वर्णनातही दारूकामाची यादी येते. नारळी झाडे, हातनळे, बाण, फुलबाज्या, चंद्रज्योती. एकनाथांच्या 'रुक्मिणी स्वयंवरा'त कृष्णाच्या लग्नाला दारूकाम आहे. म्हणजे सोळाव्या शतकात पैठणकडच्या श्रोत्याला लग्न म्हटले की ते अपेक्षित होते. पण या जुन्या दारूकामाचा रंग बहुतेक एकच, सोनेरी-तांबूस. सोरा, गंधक, कोळसा आणि बिडाचा कीस यांतून दुसरा रंग निघत नाही. शुक्रनीती या ग्रंथात दारूसाठी रुई आणि निवडुंगाचा कोळसा सांगितला आहे, कारण कोळसा कोणत्या झाडाचा यावर दारूची चाल ठरते. स्ट्रॉन्शियमचा तांबडा, बेरियमचा हिरवा, तांब्याचा निळा हे सारे नंतरचे, एकोणिसाव्या शतकातल्या रसायनशास्त्राचे देणे. रंग आले आणि दारू झाडावरून आभाळात गेली. जमिनीवरचे झाड जवळून पाहायचे असते, औट लांबून.

कवठे एकंदमध्ये ही दोन्ही युगे एकाच रात्री एकाच गल्लीत उभी असतात.

दसऱ्याच्या संध्याकाळी ग्रामदैवत सिद्धराज आणि बिरदेव यांची पालखी निघते. आपट्याची पूजा होते, सोने लुटले जाते, आणि पालखीच्या वाटेवर दारूकाम सुरू होते ते रात्रभर चालते. पालखी गल्लीगल्लीतून पुढे सरकते आणि जिथे ती पोचते तिथले मंडळ आपले काम पेश करते. झाडे, चक्रे, कमानी, धबधबे, उगवता सूर्य, लाकडी शिंगटे. वर औट. तासगाव, मिरज, पलूस, वाळवा, अगदी कर्नाटकच्या सीमेकडूनही लोक येतात. गच्च्या भरतात, माळवदे भरतात. पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमनाचे बंब उभे असतात. बाजूच्या तासगावचा गणपतीचा रथ जसा पटवर्धनांच्या काळापासून त्या गावाची ओळख, तशी ही कवठे एकंदची.

शिंगट हा त्यातला जुन्यातला जुना प्रकार. पोकळ लाकडात दारू ठासून भरायची. पेटले की तोंडातून ठिणग्यांचा लोट निघतो आणि तो हातात धरणारा माणूस त्या ठिणग्यांच्या पावसात उभा असतो. यात अंतर शून्य. किंबहुना अंतर नसणे हाच त्या खेळाचा अर्थ आहे. पार्कातला प्रेक्षक आतषबाजी पाहतो, इथला माणूस तिच्यात असतो. खांद्यावर ओले पोते, डोक्याला गुंडाळलेले फडके, आणि भोवती गावच्या पोरांचा गलका.

खर्च? मंडळे शेकड्यावर आहेत, लहान-मोठी. वर्गणी असते, बाहेर नोकरीला असलेले पाठवतात, द्राक्षवाला देतो, बेदाण्याचा व्यापारी देतो. वर्तमानपत्रे 'लाखोंची आतषबाजी' असे लिहून मोकळी होतात. पण सोरा आणि गंधक विकत आणला, कागद, सुतळी, बांबू आणले, त्यांची बेरीज म्हणजे खर्च नव्हे. नागपंचमी-गणपतीपासून रात्री जागून कागदाच्या नळ्या वळणारे हात, दारू कुटणारे, ती वाळवणारे, चक्राची लाकडी चौकट ठोकणारा सुतार, ज्याने त्या दिवशी सुतारकीची मजुरी बुडवली, या सगळ्याची रोजंदारी लावायला गेलो तर आकडा कुठल्या कुठे जाईल. आणि तसे करायला गेलो तर मंडळवाले हसतील. देवाच्या कामाची रोजंदारी कोण लावतो?

फ्रान्समध्ये प्वी द्यू फू नावाचे एक पार्क आहे. १९७८ मध्ये तिथे पडक्या गढीसमोर गावकऱ्यांनी रात्रीचा एक भव्य खेळ सुरू केला. आतषबाजी, घोडे, कारंजी, आणि हजारो पात्रे. ही पात्रे बिनपगारी. आजही तो खेळ आजूबाजूच्या गावांतले स्वयंसेवक करतात. पुढे त्या खेळाच्या जोरावर शेजारी पगारी माणसांचे मोठे पार्क उभे राहिले. कवठे एकंदचे असे काही व्हावे, पर्यटन खात्याने खुर्च्या मांडाव्यात, ही सूचना अधूनमधून कोणी तरी करतेच. माझे मत विचाराल तर खुर्च्या मांडल्या की शिंगट संपले. खुर्चीवरचा माणूस ठिणगी अंगावर पडली की पैसे परत मागतो.

पण या कामाची दुसरी बाजूही आहे, आणि तिच्याबद्दल गावाबाहेरच्या लेखकांनी गहिवरून लिहिण्याचे काही कारण नाही. २०१५ च्या मे महिन्यात कवठे एकंदच्या शिवारातल्या फटाके बनवणाऱ्या कारखान्यात स्फोट झाला आणि अनेक मजूर मेले. दसरा तेव्हा पाच महिने लांब होता. उत्सवाच्या रात्री बंब उभे असतात, पोलीस असतात, कॅमेरे असतात. दारू ठासली जाते ती मात्र आधीच्या महिन्यांत, शेडमध्ये, घरामागच्या खोलीत, दुपारच्या उन्हात. आतषबाजीतला धोक्याचा क्षण आभाळात नसतोच बहुतेक वेळा. तो खलबत्त्यात असतो, चाळणीत असतो, नळीत दारू दाबणाऱ्या लाकडी दट्ट्यात असतो. प्रेक्षकाला तो कधी दिसत नाही, म्हणून जमाखर्चातही येत नाही.

कायदा या ठिकाणी काय म्हणतो ते पाहण्यासारखे आहे. १८८४ चा स्फोटक कायदा अजून चालू आहे, त्याखालचे सध्याचे नियम २००८ चे. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवान्यावर शोभेची दारू बनवायची तर एका वेळी १५ किलोच्या वर नाही. त्यापुढचे काम केंद्राच्या स्फोटक विभागाकडे, म्हणजे पेसोकडे. त्याचे मुख्यालय नागपूरला. गंधक आणि क्लोरेट यांचे मिश्रण १९९२ पासून देशात बंद आहे, कारण ते नुसत्या घर्षणानेही पेट घेते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बेरियमला बंदी घातली, म्हणजे जुन्या पद्धतीचा हिरवा रंग गेला. 'हरित फटाके' तयार करण्याचे काम नीरी या संस्थेने केले, तीही नागपूरचीच. रात्री दहानंतर आवाजाचे फटाके नकोत हे २००५ पासून आहे. पालखीची वाट मात्र पहाटेपर्यंतची.

या नियमांपैकी एकही चुकीचा आहे असे मला वाटत नाही. अडचण निराळी आहे. १५ किलोचा नियम एका परवान्याला, एका जागेला लागतो. शंभर ठिकाणी थोडी-थोडी दारू असेल तर कागदावर प्रत्येक जण मर्यादेत आणि गाव मात्र कोठार. पार्कात एक मालक, एक परवाना, एक जबाबदार माणूस असतो. काही झाले तर कोणाला धरायचे हे ठरलेले. गावात मालक देव असतो.

आणि चढाओढ असते. केरळात पारावूरच्या पुट्टिंगल देवळात २०१६ च्या १० एप्रिलला जे झाले ते दोन गटांच्या दारूकामाच्या स्पर्धेतून. जिल्हा प्रशासनाने परवानगी नाकारलेली होती, तरी स्पर्धा झाली. साठवणीच्या खोलीवर ठिणगी पडली आणि शंभराहून अधिक माणसे गेली. आपल्या यात्रांतही 'मागच्या वर्षी त्या गल्लीने एवढे केले, यंदा आपण' हे वाक्य वर्गणी वाढवते, आणि वर्गणीसोबत औटाचा इंचही. तीन इंची होता तो चार, चाराचा सहा. गल्लीची रुंदी मात्र आजोबांच्या काळातलीच, आणि ४२० फूट अंतर मोजायला गेले तर गावाच्या शिवेवर उभे राहावे लागेल. शिवाकाशीचे तयार औट सगळीकडे मिळू लागल्यापासून हा इंच वाढवणे फार सोपे झाले आहे. घरी वळलेल्या औटाला वळणाऱ्याचे हात माहीत असतात, त्याची भीती माहीत असते. पेटीतून काढलेल्या औटाला किंमत तेवढी असते.

मोठ्या गोष्टी बोलताना लहान निसटते, आणि आतषबाजीचा गेल्या दहा वर्षांतला खरा विस्तार लहान आकारात झाला आहे. लोणंद-फलटण रस्त्यावरच्या कोणत्याही मंगल कार्यालयात जाऊन पाहा. वरमालेच्या वेळी नवरा-नवरीच्या दोन्ही बाजूंना ठिणग्यांची कारंजी उसळतात. 'कोल्ड फायर' म्हणतात त्याला. डब्यात धातूची बारीक पूड, वीज, आणि रिमोट. खाली पांढरा धूर ढगासारखा पसरतो, वर ड्रोन फिरतो, आणि गाणे टिपेला पोचते त्याच क्षणी ठिणग्या. संगीत, प्रकाश आणि ठिणगी एका तालात, ही सारी पार्काची भाषा. जे बघायला फ्लोरिडाला जावे लागे, ते आता मांडववाल्याच्या पॅकेजमध्ये फुलांच्या खालच्या ओळीत असते, आणि इथे आकडा व्यवस्थित छापलेला असतो. मुलीच्या बापाला हा खर्च कळतो, कारण तो एकट्याच्या खिशातून जातो.

त्याहून लहान म्हणजे केकवरची फुलबाजी. वाढदिवसाच्या केकवर ठिणग्या उडवणारी ती दांडी. २०२३ च्या डिसेंबरमध्ये पिंपरी-चिंचवडजवळ तळवडे येथे ती बनवणाऱ्या जागी आग लागली. मेलेल्यांत बहुतेक बाया होत्या, रोजावर आलेल्या. एका केकसाठी दहा-वीस रुपयांची वस्तू. कवठे एकंदच्या औटापासून या दांडीपर्यंत आकार कितीही बदलला, तरी खर्चाचा तो एक, धोक्याचा रकाना तसाच रिकामा राहतो. पार्क तो अंतराने भरते. आपण तो भरतच नाही. तो दुसऱ्याच कोणी तरी, शेडमध्ये बसून, भरतो.

यात्रेतले दारूकाम बंद करा, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. प्रदूषण, आवाज, पैशाची नासाडी, ही कारणे शहरातून येतात, आणि ज्या शहरांत दिवाळीच्या चार दिवसांत हवा दिसेनाशी होते तिथून ती यावीत हे जरा विनोदी आहे. माझा कल बंदीकडे नाही. ज्या गावाने दुष्काळी वर्षांतही हे काम टिकवले, त्याच्या हातातली बिडाच्या किसाची आणि कोळशाची जाण पेसोच्या कागदात सापडणार नाही. पण टिकवायचे ते कोणत्या आकारात, हे ठरवायला हवे. झाड, चक्र, शिंगट हे जमिनीवरचे काम गल्लीच्या रुंदीत बसते. त्यातली कला गावची आहे. सहा इंची औट गल्लीत बसत नाही, आणि त्यात कला असलीच तर ती शिवाकाशीची आहे. चढाओढ करायचीच तर झाडाच्या फांद्यांची करावी. पालखी मैदानात पोचेल तेव्हा औट, गल्लीत नाही, एवढे एक जरी कलम मंडळांनी आपसांत लिहिले तरी अर्धे काम होईल.

आणि विम्याचे. दहीहंडीच्या गोविंदांना २०२२ मध्ये राज्य सरकारने विम्याचे संरक्षण दिले. थरावरून पडून मृत्यू झाला तर दहा लाख रुपये. त्याआधी बरीच वर्षे हंडी किती उंच असावी यावर कोर्टात वाद झाले, थरांची मोजदाद झाली, वयाची अट आली. मंडळांनी कुरकुर केली आणि मग नोंदणीही केली. दारूकामाच्या मंडळांनी याच धर्तीवर विमा मागावा. ठासणाऱ्याचा, वाळवणाऱ्याचा, बत्ती देणाऱ्याचा, आणि शेडमध्ये रोजाने येणाऱ्या बाईचाही. मागणी मोठी नाही, तमाशाच्या सुपारीच्या तुलनेत तर नाहीच. पण विमा कंपनी पहिला प्रश्न विचारेल तो हँडबिलात कधी न छापलेला: माल किती, कुठे ठेवला, आणि हात कोणाचे. त्याचे खरे उत्तर लिहून द्यायला किती मंडळे तयार होतील, यावर पुढच्या दसऱ्याचे बरेच काही ठरेल.